निळूच्या गुडघ्यावर बसलेली वायर

"...ते सगळं ठीक आहे बाई, पण तुम्ही एवढंच सांगा. विंचला दोर लावायचा की वायर?"

बाईंनी मान वर केली नाही. गाळात स्प्रिंगच्या पाट्यांपर्यंत रुतलेल्या जीपच्या चाकापुढचा चिखल त्या फावड्याने ओढत राहिल्या.

कुमुद भोइटे. तरुणपणी डोंगरातल्या शर्यतींत भल्याभल्यांना मागे टाकलेली बाई. आता पासष्टी उलटली होती. उन्हाळ्यात धरणाचं पाणी ओसरलं की मागे जो गाळ उघडा पडतो, त्या गाळात त्या लोकांना जीप चालवायला शिकवत. गाडी अडकली की कशी काढायची, ते तर आधी शिकवत.

रणधीर शितोळे हा त्यांचा सगळ्यात तरबेज शिष्य. हे बाईंच्या आधी त्याला स्वतःला कळलं होतं.

"बाई, मी काहीतरी विचारतोय."

"ऐकतेय."

"मग बोला ना! तुम्ही एकदा म्हणालात, वायर बंद, की जीपवाल्यांचे सगळे ग्रुप ऐकतील. या गाळात उद्यापासून एकाही गाडीवर स्टीलची वायर दिसणार नाही."

"का बंद करायची?"

रणधीरचा चेहरा लालबुंद झाला. का, ते बाईंना चांगलं ठाऊक होतं. गेल्या महिन्यात खालच्या ओढ्यात एकाची जीप खडकांत अडकली. ती विंचने, म्हणजे गाडीपुढच्या दोर गुंडाळणाऱ्या रहाटाने, ओढताना रणधीरच्या गाडीवरची वायर तुटली आणि चाबकासारखी फिरली. निळू दाभाडे मधेच होता. त्याच्या गुडघ्याचा चुरा झाला. निळू रणधीरचा शाळेपासूनचा मित्र. तो अजून हॉस्पिटलातच होता.

"खुनी आहे ती वायर, म्हणून!" रणधीर ओरडला. "मी ती कापून फेकून दिली. विकणाऱ्याला कोर्टात खेचणार आहे. हा बघा, नवा सिंथेटिक दोर बसवलाय. हलका, तरी वायरीएवढाच ताकदीचा. तुटला तरी जागच्या जागी पडतो. कुणाचा जीव घेत नाही."

"दगडावर घासला तर?"

"घासू देणार नाही."

"उन्हानं विरला तर?"

"बदलेन! तुम्ही काय त्या वायरची बाजू घेताय?"

"मी कशाला बाजू घेऊ? खडकातनं जाणाऱ्यानं वायर लावावी, ती घासायला भीत नाही. चिखलापाण्यात जाणाऱ्यानं दोर लावावा, तो उचलायला सोपा. दोन्ही रोज तपासावेत. झालं. मिळालं उत्तर?"

"नाही!"

"मग तू हे विचारायला आलेला नाहीस."

रणधीरने बाजूच्या डब्याला लाथ मारली. डबा गडगडत जाऊन चिखलात रुतला.

"माझ्या मित्राचा पाय गेलाय, बाई! आणि तुम्ही मला कोड्यात बोलून दाखवताय!"

"माहीत आहे मला. रोज जाते मी तिकडे."

रणधीर रुतलेला डबा उचलायला वाकला.

"तू गेलास?"

"त्याची आई बसलेली असते... मला नाही बघवत." मग खाली बघत, "माझ्याबद्दल काही म्हणतो का?"

"काही नाही. तुझं नाव निघालं की भिंतीकडे तोंड फिरवतो."

...

"आता यात माझा काय दोष?" रणधीरचा आवाज पुन्हा चढला. "तुटली ती वायर तुटली! मी काय दातांनी तोडली?"

बाईंनी फावडं फेकलं. ते गाडीच्या पत्र्यावर जाऊन आदळलं. इतक्या वर्षांत त्यांनी कधी एक पानाही फेकल्याचं रणधीरने पाहिलं नव्हतं.

"लाव तुझा दोर," त्या म्हणाल्या. "काढ माझी गाडी."

रणधीरने दात-ओठ खात आपल्या गाडीचा दोर सोडला, बाईंच्या जीपला हूक अडकवला, मागे येऊन विंचच्या रिमोटचं बटण हातात घेतलं. विंच घुरघुरला. दोर चिखलातून उचलला गेला आणि ताणून सरळ झाला.

तेव्हा बाई चालत गेल्या आणि दोन गाड्यांच्या मधोमध, दोराला गुडघे टेकतील इतक्या जवळ उभ्या राहिल्या.

"ओढ."

"बाई, बाजूला व्हा."

"का? दोर कुणाचा जीव घेत नाही ना?"

"दोर नाही, पण हूक सुटला तर गोळीसारखा येईल. तुमच्या गाडीचा हूक जुना आहे."

"मग आता कळलं? लावताना डोळे कुठे होते? ओढ!"

"अहो, बाजूला व्हा आधी!"

"ओढ म्हणते ना!"

बाईंच्या कपाळावरची शीर ताठ झाली होती. हे नाटक नव्हतं. बाई खरंच संतापल्या होत्या आणि त्या हलणार नव्हत्या.

"काय लोकांना दाखवायचंय तुम्हाला?" रणधीर किंचाळला. "वेड लागलंय का?"

"लोक कुठे आहेत इथे? त्या दिवशी होते."

रणधीरचा अंगठा बटणावर होता.

त्या दिवशी होते लोक. ओढ्याच्या काठावर दुसरा ग्रुप उभा होता. गाडी हलत नव्हती आणि ते मोबाइलवर शूटिंग करत हसत होते. कुणीतरी म्हणालं, बाईंचा पट्टशिष्य दमला वाटतं. रणधीरच्या कानशिलांत रक्त चढलं होतं. निळू चाकाखाली दगड लावायला वाकला होता. वाकल्या वाकल्या त्याला वायरीचे सुटलेले पीळ दिसले. त्याने मागे न बघताच हात वर केला...

"ओढ, रणधीर!"

"नाही ओढणार!"

त्याने बटण चिखलात भिरकावलं. दोर ताणलेलाच राहिला. बाईही तिथेच राहिल्या.

पाण्याच्या कडेला एक टिटवी ओरडून गेली.

रणधीर मटकन खाली बसला. चिखलात, नव्या पँटसकट. तो बोलला तेव्हा त्याच्या आवाजातला सगळा आरडाओरडा गळून गेला होता.

"त्याने हात वर केला होता, बाई."

...

"थांब म्हणून ओरडलाही होता. सगळ्यांना सांगितलं मी, इंजिनच्या आवाजात काही कळलं नाही म्हणून. पोलिसांना सांगितलं. त्याच्या आईला फोनवर सांगितलं..."

...

"मला ऐकू आलं होतं. स्पष्ट ऐकू आलं होतं. ते हसत होते ना... मी बटण दाबून धरलं."

बाई दोरापासून बाजूला झाल्या. चिखलातून बटण उचललं, ताण सोडला. हूक काढला. गाडी होती तिथेच रुतलेली राहिली.

मग त्या रणधीरसमोर येऊन उभ्या राहिल्या. रणधीरने मान वर केली. त्या थोबाडीत मारतील, नाहीतर डोक्यावर हात ठेवतील, असं त्याला वाटलं. दोन्हीपैकी काहीही चाललं असतं.

बाईंचा राग तसूभरही उतरला नव्हता.

"माझे दोन्ही पाय धड आहेत," त्या म्हणाल्या. "मला काय सांगतोस?"