ठकी शेळी आणि अडलेलं अपडेट

रंगहाटचे मालक नागेशराव उंडाळकर एका शेळीकडून हरले आणि चैत्राली खरातचं अपडेट अडलं!

रंगहाट म्हणजे व्हिडिओ गेम विकणारं ऑनलाइन दुकान. तिथे नवा गेम लावायचा असो की जुन्या गेममधली चूक दुरुस्त करायची असो, मालकांची मंजुरी लागे. "प्रत्येक गेम मी स्वतः खेळून बघतो," असं नागेशराव भाषणांत सांगत. त्यांच्या ऑफिसात कॅरमची राणी नेहमी त्यांनाच मिळे. त्यामुळे हरणं म्हणजे काय, हे ते जवळजवळ विसरले होते.

मग आला 'राखण'. बार्शीच्या चैत्रालीने एकटीने बनवलेला गेम. खेळणाऱ्याने भाजीचं शेत राखायचं आणि ठकी नावाच्या शेळीने ते खायचं. गेम लोकांना आवडला, पण एक चूक राहून गेली होती. गेम बंद केला की आधीचा सगळा खेळ पुसला जाई. लोक चिडले. एकाने लिहिलं, "काल रात्री कोबी वाचवला. आज कोबी नाही, शेत नाही, आता मीही नाही. रामराम!"

चैत्रालीने चूक लगेच दुरुस्त केली आणि अपडेट रंगहाटला पाठवलं. उत्तर आलं, "विचार चालू आहे." तिने पुन्हा विचारलं. "सखोल विचार चालू आहे." इकडे रोज माणसं गेम सोडून जात होती, आणि रंगहाटवाले विचारात बुडाले होते. शेवटी ती एसटीत बसून थेट पुण्याला त्यांच्या ऑफिसात पोहोचली.

"तीच का तू शेळीवाली?" नागेशराव गरजले. "तुझ्या गेममध्ये गंभीर दोष आहे!"

"हो साहेब, खेळ पुसला जातो. त्याचंच अपडेट..."

"ते सोड! मी हरतो!"

शेजारी मॅनेजर मोडक उभे होते. त्यांनी अत्यंत दुःखी चेहरा केला. तो त्यांना छान जमे.

"शेळीचा वेग थोडा कमी करू का?" चैत्रालीने विचारलं.

"मी काय लहान बाळ आहे? वेग तसूभरही कमी करायचा नाही! कुंपण उंच करायचं नाही! आणि फक्त माझ्यासाठी वेगळं काही नको, लोक हसतील. सगळ्यांना एकच अपडेट. पण मी जिंकलो पाहिजे! शुक्रवारपर्यंत जमलं तर तुझी ती दुरुस्तीही मंजूर. नाही जमलं तर गेम दुकानातून बाहेर!"

"अगदी सोपं आहे, साहेब!" मोडक म्हणाले.

"मग तुम्हीच करता का?" चैत्रालीने विचारलं.

"मी... धोरण म्हणून बोलत होतो."

"वेग तोच, कुंपण तेच, अपडेट सगळ्यांना एकच आणि तुम्ही जिंकायचं," चैत्राली नागेशरावांना म्हणाली. "आणखी काही अट?"

"एवढ्या पुरेशा नाहीत का?"

परतीच्या एसटीत तिला रडू येत होतं. दोन वर्षं खपून बनवलेला गेम एका माणसाच्या रुसव्यापायी जाणार होता. पण टेंभुर्णी मागे पडली, तशी ती अचानक खुदकन हसली. शेजारच्या आजीबाई दचकून जरा सरकून बसल्या.

शुक्रवारी ती पुन्हा नागेशरावांपुढे उभी राहिली. त्यांनी 'राखण' सुरू केला. पडद्यावर प्रश्न आला, "शेत राखणार की शेत खाणार?"

"हे काय नवीन?"

"अपडेट आहे, साहेब. आवडेल ते निवडा."

"साहेब, 'खाणार' दाबा!" मोडक उत्साहाने म्हणाले. साहेबांच्या आवडीबद्दल त्यांचा अंदाज सहसा चुकत नसे.

नागेशरावांनी दाबलं आणि ठकी त्यांच्या बोटांच्या तालावर उधळली! कुंपणाच्या फटीतून आत, गाजरं फस्त, कोबी फस्त! कॉम्प्युटरचा राखणदार काठी घेऊन नुसता गरगर फिरत राहिला. वांग्यांचा वाफा साफ झाला आणि पडद्यावर झळकलं, "तुम्ही जिंकलात!"

"जिंकलो!" नागेशराव खुर्चीतून उठले. मोडकांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात नागेशरावांच्या कपाळाला आठी पडली.

"थांब! ही फसवणूक आहे! मला शेळी केलंस?"

मोडकांची टाळी अर्ध्यावरच थांबली.

"साहेब, शेळीचा वेग कमी केला?" चैत्रालीने विचारलं.

"नाही."

"कुंपण उंच केलं?"

"नाही."

"फक्त तुमच्यासाठी केलं? राखणार की खाणार, हे आता सगळ्यांनाच विचारलं जाईल. आणि तुम्ही जिंकलात."

"पण मग गेम सोपा झाला की!"

"छे, साहेब! गेम होता तितकाच अवघड आहे. फक्त आता ती अवघड गोष्ट तुम्ही आहात!"

हसायचं की रागवायचं, हे कळेना म्हणून मोडकांनी दोन्हीची तयारी ठेवली.

आणि नागेशराव हसले! पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. कॅरमची राणी मिळाल्यावर ते असे कधी हसले नव्हते.

"मोडक! हे अपडेट आणि हिची दुरुस्ती, दोन्ही आत्ताच्या आत्ता दुकानात लावा! 'राखण' पहिल्या पानावर, सगळ्यात वर! आणि यापुढे हिचं अपडेट आलं की विचार करायचा नाही. तुम्हाला ते जड जाणार नाही!"

"लगेच, साहेब! आपण सही करता ना?"

"आणा इकडे," नागेशराव पुन्हा बटणांकडे वळत म्हणाले, "पण जरा थांबा, तेवढी मेथी खाऊन घेतो!"