पाटातल्या विटा

एक शिष्या होती, आणि तळहाताएवढे एक पाते तिला पुरून उरले होते.

विमानाच्या इंजिनात इंधन जिथे जळते, त्याच्या लगेच पुढे अशी पाती बसवलेली असतात. ती फिरत नाहीत. जाळातून सुटलेला झोत अंगावर घ्यायचा आणि वळवून पुढच्या चाकावर सोडायचा, एवढेच त्यांचे काम. परंतु तो झोत असा असतो की पात्याचा धातूसुद्धा त्यात वितळून जावा. म्हणून पाते पोकळ करतात आणि त्याच्या पोटातून गार हवा खेळवतात. आता पोकळ वस्तू किती सोसणार, हे सांगायला आचार्य लागत नाही.

शिष्येचे पहिले पाते आतून ऐसपैस होते. ते गार राहिले, पण आतल्या हवेच्या दाबाने फुगले. दुसऱ्यात तिने या टोकापासून त्या टोकापर्यंत एक अखंड जाड भिंत घातली. ते फुगले नाही, तडकले. तिच्या संशोधन संस्थेच्या प्रमुखांनी तिला शांतपणे सांगितले, की तिसरेही गेले तर हे काम दुसऱ्या गटाकडे जाईल. उमेदीची सगळी वर्षे तिने या पात्यात घातली होती. तिचे जेवणावरून लक्ष उडाले. भिंत जाड करावी की पातळ, हा एकच प्रश्न तिच्या डोक्यात भुंग्यासारखा फिरू लागला.

शेवटी तिने आपल्या गुरूंचे घर गाठले. इंजिनांत आयुष्य घालवलेले ते वृद्ध गृहस्थ आता गावाबाहेर भाजी पिकवत. ती गेली तेव्हा ते वाफ्यांना पाणी नेणाऱ्या पाटात उभे होते. पाटावरून जाण्यायेण्यासाठी एक फरशी टाकलेली होती आणि तिच्या खाली, पाण्याच्या मधोमध, धारेच्या दिशेने, टेकू म्हणून विटांची एक लांब भिंत होती.

"सर, भिंत जाड करू की पातळ?" तिने चप्पलही न काढता विचारले.

गुरू म्हणाले, "ती फरशी उचलू लाग जरा."

फरशी बाजूला होताच त्यांनी पहारीने ती चांगली उभी असलेली भिंत पाडली. शिष्या बघत राहिली. तिला रागच आला.

"सर, मला खरंच वेळ नाही हो."

"मला तरी कुठे आहे? दुपारी वीज जाते, मग पाणी बंद."

त्याच विटांतल्या काही त्यांनी पाटात सुट्या उभ्या केल्या, एक इकडे, एक तिकडे, एकीच्या मागे दुसरी येणार नाही अशा. वर फरशी ठेवली आणि शिष्येला तिच्यावर उभे राहायला सांगितले. फरशी हलली नाही.

"आता खाली वाकून बघ. भिंत होती तेव्हा कडेला काय होतं?"

कडेला हिरवे शेवाळ धरले होते. मधले पाणी वाहत होते, पण कडेचे पाणी आळसावून जागच्या जागी बसलेले असणार. आता प्रत्येक विटेला वळसा घालून पाणी कडेवर आपटत होते आणि शेवाळ सुटून चालले होते. शिष्येच्या अंगात एकदम वारे संचारले. तिने उरलेल्या विटाही भराभर पाटात मांडल्या. गुरूंनी तिला अडवले नाही. थोड्याच वेळात पाणी मागे तुंबले, काठावरून चढले आणि मेथीचा वाफा बुडाला.

"अगोबाई," ती म्हणाली, आणि ओशाळून विटा काढू लागली.

तेव्हा गुरू बोलले. "तू गारवा आणि बळ यांच्यात वाटणी करायला बसलीस. याला थोडं दिलं की त्याचं कमी होतं, मग तुला झोप कशी लागणार? तुझ्या भिंतीनं पातं धरलं, पण हवेला हलू दिलं नाही. पात्याच्या कडेची हवा तापून तिथंच चिकटून राहिली. बाहेरचा धातू तापून ताणायला बघत होता, आतली थंड भिंत त्याला सोडत नव्हती. तडकेल नाही तर काय? ती भिंत मोडून तिचे खांब कर. तेच खांब दोन्ही बाजूंना धरतील आणि तेच हवा घुसळतील. मात्र हव्यास करशील, तर हवाच पुढे जायची नाही. मेथी पाहिलीसच."

"मग नेमके किती खांब?"

"ते मला काय माहीत? तुझं पातं आहे. तुलाच मांडून, काढून बघावं लागेल."

उत्तर मिळाले नव्हते, तरी तिला हलके वाटले. वीज जाईपर्यंत ती पाटातच उभी राहून एकेक वीट काढत, फरशीवर पाय देऊन पाहत राहिली. पुढे संस्थेतही तिने तेच केले, फक्त विटांच्या जागी कागदावरचे खांब होते.

तिसरे पाते जाळाच्या चाचणीतून बाहेर आले. ते फुगले नव्हते आणि त्याला चीरही नव्हती. प्रमुखांनी ते उलटसुलट करून पाहिले, तराजूत टाकले आणि चक्रावले. वजन आधीच्या पात्याहून कमी भरत होते.

"अगं, मग बळ आणलंस कुठून?"

"आणलं नाही सर," ती म्हणाली. "होतं तेच मोडून मांडलं."