विष वर आलं तेव्हा

एकदा एका गावातले वृद्ध गुरुजी, संध्याकाळी बरोबर सहा वाजून दहा मिनिटांनी, मुलांना सांगत असलेली गोष्ट अर्ध्यावर सोडून उठले आणि सरळ घरी निघून गेले.

गुरुजी दर शनिवारी देवळाच्या ओट्यावर मुलांना पुराणातल्या कथा सांगत. त्यांच्याकडून ही विद्या शिकायला एक तरुण आई येत असे. शाळा थोडीच झालेली, पण पाठांतर चोख. तिला एकच घोर लागलेला, आपली लेक केतकी खोटारडी तर निघणार नाही ना?

त्याला कारण होतं. चार दिवसांपूर्वी देवळातला शंख फुटलेला सापडला. पंच म्हणाले, "गुरवीण आजींचे हात थरथरतात, त्यांच्याच हातून पडला." तीस वर्षं दिवा लावणाऱ्या आजींकडून गाभाऱ्याची किल्ली काढून घ्यायचं ठरलं. रविवारी संध्याकाळी ती द्यायची होती. आणि इकडे आईला केतकीच्या फ्रॉकच्या खिशात शंखाचा एक कपचा मिळाला.

तिने लेकीला विचारलं नाही. धीरच झाला नाही. त्याऐवजी सत्यासाठी राज्य सोडणाऱ्या राजाची कथा तीनदा सांगितली, दर वेळी शेवटी तात्पर्यासकट. तिसऱ्यांदा केतकी म्हणाली, "कळलं गं आई, खरं बोलावं. आता जेवायला वाढ."

शेवटी तिने गुरुजींच्या कानावर सगळं घातलं. "तुम्हीच तिला खऱ्याची एखादी जबरदस्त गोष्ट सांगा."

गुरुजींनी काढली समुद्रमंथनाची. त्यांनी विहिरीचा दोर ओट्यावरच्या खांबाला गुंडाळला आणि मुलांचे दोन गट केले.

"आम्ही राक्षस! देवांना नुसतं हार घालून बसावं लागतं," पोरं ओरडली.

"अमृत मिळालं की कळेल कोण बसतंय ते!" पलीकडून उत्तर आलं.

दोर घसघसू लागला. केतकी देवांच्या बाजूने अंग टाकून ओढत होती. तेवढ्यात गुरुजी गरजले, "थांबा! विष वर आलं!" आणि त्यांनी मध्यभागी एक वाटी ठेवली, कडुलिंबाच्या रसाची. पाडव्याला गुळाबरोबर चिमूटभर खातानाही तोंड वाकडं करणारी पोरं दोर टाकून मागे सरली.

"सगळे पळाले. आता कोण घेणार?" एवढं विचारून गुरुजी काठी टेकत चालू लागले.

आई मागून धावली. "गुरुजी, शंकराने विष प्राशन केलं हे सांगायचं राहिलं! तात्पर्य तर सगळंच राहिलं!"

"उद्या याच वेळेला या," गुरुजी म्हणाले.

आईला वाटलं, म्हातारपणी विसरले बहुतेक. उद्या तर आजींची किल्ली जाणार.

दुसऱ्या दिवशी वाटी तिथेच होती. कुणीतरी वर पळसाचं पान झाकलेलं. एका बाजूला पंच बसलेले, शेजारी गुरवीण आजी, मुठीत किल्ली. मुलं मात्र वाटीभोवतीच भांडत होती. "तू पी." "मी का? मी राक्षस आहे!" केतकी त्यांच्यातून वाट काढत पुढे आली. मग तिने विचारलं,

"गुरुजी, विष गळ्यातच थांबेल हे शंकराला आधी माहीत होतं?"

"तुला काय वाटतं?"

"नसेल माहीत. भीती वाटली असेल त्याला." तिने वाटीकडे पाहिलं. "तरी प्यायला, कारण बाकीचे मेले असते."

तिने पान बाजूला केलं, नाक दाबून वाटी रिकामी केली. डोळ्यांत पाणी, तोंड पिळवटलेलं. तशीच आजींसमोर जाऊन उभी राहिली.

"आजी, शंख माझ्या हातून पडला. मी वाजवून बघत होते. किल्ली देऊ नका."

आजींनी किल्ली कमरेला खोचली आणि पदराने केतकीचं तोंड पुसलं. "अगं, निदान गूळ तरी मागायचास, वेडे!"

आईचा ऊर भरून आला. आजवर लेकीच्या पाठांतराचं कौतुक झालं तेव्हाही तिची मान इतकी ताठ झाली नव्हती.

गुरुजी तिला म्हणाले, "पोरी, तू मुलीला राजाकडे लांबून बघायला लावलंस. मोठा माणूस, लांबून नमस्कार केला, झालं. मी फक्त शंकराची जागा रिकामी ठेवली. कथेत अशी जागा असते, जिथे सगळे पळतात. तिथे आपण आधी शिरून उत्तर देऊ नये. मुलाला उभं राहू द्यावं, वेळ लागला तरी. आता सांग, तात्पर्य राहिलं का?"

"नाही गुरुजी," ती हसली. "तिने पिऊन टाकलं."

आपण आया काळजीपोटीच घाई करतो. म्हणून ही हकिकत तुमच्या शेजारणीला सांगा, बहिणीला, जावेला सांगा. आणि मुलांना गोष्ट सांगाल तेव्हा, विष वर आलं की जरा थांबा.