दोन वाट्या लोणी

मालनला वाटलं होतं, कायदा आला म्हणजे पगार बदलतील. बदलली होती ती नुसती नावं.

कासाराची ही मुलगी दूरदेशी कायदा शिकून बोरगडला परतली आणि राजवाड्याच्या नोकरखात्यात रुजू झाली. नुकतीच महाराज रणधवलांनी दवंडी पिटवली होती: बाई असो की पुरुष, सारख्या कामाला सारखा पगार. खात्यात केवढी धांदल उडाली असेल, या आशेने ती पहिल्या दिवशी झुंजूमुंजू होताच हजर झाली. पाहते तर चार कारकून कपाळाला हात लावून नावं शोधत बसलेले. पूर्वी हे खातं माणसं नेमायचं आणि दंड लावायचं. आता दिवसभर बारशी करत होतं. गुलाबांना पाणी घालणारा माळी झाला होता 'पुष्पसिंचक'. त्याच गुलाबांना पाणी घालणारी माळीण झाली होती 'काटेरी झुडपांवरची बाई'.

"काम वेगळं, म्हणून पगार वेगळा," खात्याचे कारभारी विसोबा म्हणाले. "कायदा तंतोतंत पाळलाय, पोरी."

खरा कहर होता ताकघरात. तिथला डेरा छातीएवढा उंच. रवीला गुंडाळलेल्या दोरीचं उजवं टोक केरू ओढायचा, डावं सगुणा. केरू झाला 'दक्षिणरज्जुप्रमुख', सगुणा नुसतीच 'डावीकडची'. पगार निम्मा.

"घाम दोघांनाबी सारखाच येतो, ताई," सगुणा म्हणाली. "पण निम्म्या पगारात भाकरी होते, कालवण होत नाही."

मालन तडक दरबारात गेली.

महाराज हट्टी. "शेजारच्या राजाने कायदा केला म्हणून मीही केला. त्याला खर्च येतो हे कुणी बोललं नव्हतं. काम सारखंच म्हणतेस? मग उद्या न्याहारीला दोन वाट्या आण. एकीत केरूने काढलेलं लोणी, दुसरीत सगुणाने काढलेलं. एकाच डेऱ्यातलं. वजन सारखं भरलं तर पगार सारखा. नाही जमलं तर कायदाही जाईल आणि तूही."

विसोबा मिशीत हसले.

"आणते, महाराज. पण दोन्ही लोणी एकमेकांत मिसळता कामा नयेत. त्यावर देखरेख विसोबाकाकांनीच करावी. फरक त्यांनाच दिसतो."

"मंजूर."

सकाळी महाराजांचा पाट डेऱ्याशेजारीच मांडला. ताटात गरम भाकरी वाफाळत होती.

"आधी केरूचं लोणी," मालन म्हणाली.

केरूने टोक ओढलं. रवी गर्रकन फिरली, दोरी त्याच्याकडे आली आणि सगळं थांबलं.

"ओढ की पुढे," विसोबा खेकसले.

"काय ओढू, मालक? दोरी सारी माझ्याकडं आली. आता सगुणावैनीनं ओढायला पायजे."

सगुणाने हात पुढे केला. मालनने तो धरला. "अंहं. बाईचं लोणी मिसळेल. काका, दोरी तुम्हीच परत न्या. मात्र सगुणाबाईचं काम न करता."

विसोबांनी खूप विचार केला. मग डेऱ्याकडे पाठ फिरवून दोरीचं डावं टोक खांद्यावर घेतलं आणि बैलासारखं ओढलं. "बघ, मी पाठमोरा आहे. म्हणजे हे डावं नव्हे."

"रवी फिरली ना, काका? झालात तुम्हीही डावीकडची."

ताकघरातल्या बाया पदर तोंडाला लावून हसू लागल्या.

"भाकरी गार होतेय," महाराज कुरकुरले. "लोणी कुठाय?"

मालनने दोन रिकाम्या वाट्या त्यांच्यापुढे ठेवल्या. "ही केरूने एकट्याने काढलेल्या लोण्याची. ही सगुणाबाईने एकटीने काढलेल्या लोण्याची. तराजू मागवा, महाराज. वजन सारखंच भरेल."

महाराजांनी एका वाटीत पाहिलं, मग दुसरीत. मग असे हसले की पाटावरून कलंडलेच.

"सगुणाला पुरा पगार. माळिणीलाही, आणि वाड्यातल्या साऱ्याजणींना. मालन, खातं आजपासून तुझं. आता या विसोबाचं काय करू? हद्दपार?"

विसोबांच्या खांद्यावर दोरी अजून तशीच होती. मालनने तिथल्या तिथे ठरवलं. "त्यांना जागा सापडलीय. तिथेच राहू द्या. सगुणाबाई महिनाभर पगारी रजेवर जातील."

"छान. मग विसोबाला निम्मा पगार लाव."

"नाही जमणार, महाराज. केरूइतकाच द्यावा लागेल. कायदा आहे."

महाराज पुन्हा कलंडले.