बिघडवलेली जवारी

घाटाखालच्या एका गावात, बैलगाड्यांशिवाय दुसरं वाहन ठाऊक नव्हतं त्या काळात, यज्ञेश्वरबुवा नावाचे एक सतारिये राहत होते. देवीच्या उत्सवात पहिली बैठक त्यांची. पंचक्रोशीतली माणसं गाड्या जुंपून त्यांची सतार ऐकायला यायची. त्यांच्या डाव्या हाताला, जरा मागे सरकून, रावजी गुरव मृदंग घेऊन बसायचा. वीस वर्षं त्यानं बुवांना साथ केली. लोक बुवांना हार घालायचे आणि उरलंसुरलं एखादं फूल रावजीच्या मृदंगावर ठेवायचे. दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

गावाबाहेर चुन्याच्या भट्ट्या होत्या. तिथल्या माणसांची पोरं दिवसभर चुनखडीचे दगड फोडायची. एके दिवशी त्या वाटेनं जाताना रावजीला दिसलं, की पोरांच्या हातोड्या एका ठेक्यात पडताहेत. तो उभा राहिला. दुसऱ्या दिवशी मृदंग घेऊन गेला. महिन्याभरात भट्टीशेजारच्या चिंचेखाली एकोणीस पोरं रोज संध्याकाळी ताल शिकायला गोळा होऊ लागली. शिकवायला दुसरं वाद्य नव्हतं, म्हणून रावजीनं आपला मृदंगच त्या शाळेला देऊन टाकला.

गावात त्याचीच चर्चा. "एवढं एकच होतं त्याच्याकडे, तेही दिलं!" देवळात, पारावर, पाणवठ्यावर, जिथे तिथे रावजी. त्या वर्षीच्या उत्सवात पाटलांनी पहिला हार रावजीच्या गळ्यात घातला आणि दुसरा बुवांच्या.

बुवा हसले. हार गळ्यात तसाच ठेवून घरी आले. पण त्या दिवसापासून त्यांना जेवण गोड लागेना. आपल्या मागे बसणारा माणूस! आपण थांबलो की थांबणारा, आपण वाजवू तेव्हा वाजवणारा! त्याला पहिला हार? बायको म्हणाली, "अहो, रावजीभाऊजींनी काम मोठं केलंय." बुवांनी ताटावरून हात उचलला.

थोड्या दिवसांनी रावजी घरी आला. ओसरीच्या पायरीवरच बसला.

"बुवा, पोरांच्या गळ्यात सूर आहे. मला ताल कळतो, पण सुराचं वाद्य हवं. तुमच्याकडे सात सतारी आहेत. एखादी मिळाली तर... आणि तुम्ही आठवड्यातून एकदा आलात तर सोनंच होईल."

बुवांच्या मनात चटकन हिशेब झाला. यानं एक वाद्य दिलं तर गाव एवढं डोक्यावर घेतं, मग सहा दिली तर?

"एखादी कशाला? रोजची वाजवायची एक ठेवतो आणि सहा देतो," ते म्हणाले. "यायला मात्र मला सवड नाही."

रावजीचे डोळे भरून आले. तो पाया पडायला वाकला, आणि तेवढ्यात बुवांना कळलं, की या सतारी चांगल्या वाजल्या तर नाव होणार ते रावजीच्याच शाळेचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी दार लावून घेतलं. सतारीच्या तारा हाडाच्या ज्या घोडीवरून जातात, तिचा माथा बारीक कानसेनं घासून हलकासा उतरता करावा लागतो. तो नीट जमला की तार छेडल्यावर सूर घुमत राहतो. त्याला जवारी म्हणतात. जवारी काढण्यात बुवांचा हात धरणारा त्या मुलखात कोणी नव्हता. ज्या हातानं त्यांनी त्या सहा घोड्या वर्षानुवर्षं जपल्या होत्या, त्याच हातानं त्या दुपारी एकेक घोडी उलटी घासून टाकली. वरून बघणाऱ्याला काही कळलं नसतं. मग सतारींना तेल लावलं, रेशमी गोंडे बांधले आणि वाजतगाजत गाडीतून भट्टीवर पाठवल्या.

गावानं तोंडात बोटं घातली. पाटील स्वतः घरी येऊन नारळ देऊन गेले. त्या रात्री बुवा पोटभर जेवले.

शाळेत मात्र सतारी बोलेनात. तार छेडली की ठप्प आवाज यायचा आणि तिथेच मरायचा. रावजीनं भीतभीत विचारलं, "बुवा, आवाज जरा बसका वाटतो का?"

"नव्या हातात सतार अशीच वाजते," बुवा म्हणाले. "तू मृदंगवाला, तुला काय कळणार?"

रावजीला ते पटलं. बुवांचा शब्द त्यानं आजवर कधी खोटा धरला नव्हता.

त्या पोरांत सगुणा नावाची तेरा-चौदा वर्षांची मुलगी होती. एकदा ऐकलेलं तिला जसंच्या तसं गाता यायचं. पण गळ्यातला सूर सतारीतून निघेना. इतर पोरं खेळायला गेली तरी ती तारा ओढत बसायची. बोटं चिरली, तर चिंधी बांधून वाजवू लागली. शेवटी एका सकाळी ती सतार छातीशी धरून बुवांच्या दारात उभी राहिली.

"बुवा, सतार तुमची आहे, म्हणजे चांगलीच असणार. मग माझ्या हातातच सूर नाही का?"

तिनं बसून चार स्वर वाजवले. बुवा सावरून बसले. तार मेलेली होती, तरी बोटं कुठे पडताहेत ते त्यांना दिसत होतं. मींड कुठे घ्यायची, म्हणजे तार ओढून एका सुरावरून दुसऱ्यावर कुठे घसरत जायचं, कुठे थांबायचं, हे तिला कोणी शिकवलेलं नव्हतं. त्यांना स्वतःला ते यायला दहा वर्षं लागली होती. पोटात काहीतरी जळत वर आलं. हिच्या सतारीची जवारी ठीक असती, तर चार वर्षांत गाव यज्ञेश्वरबुवांचं नाव विसरलं असतं.

कानस हाताशीच होती. जवारी दुरुस्त करणं घटकाभराचं काम होतं.

"प्रत्येकाच्या हातात सूर नसतो, बाळ," बुवा म्हणाले. "तू मन लावलंस, तेवढं पुष्कळ झालं."

सगुणा रडली नाही. तिनं सतार पदरानं पुसली, नमस्कार केला आणि गेली.

तिनं शाळा सोडली. सगुणाला जमलं नाही तिथे आपल्याला काय जमणार, म्हणून एकेक करून बाकीची पोरंही थांबली. गावात लोक म्हणू लागले, "भट्टीवरची पोरं ती! एवढी उंची वाद्यं दिली बुवांनी, त्याचं काय झालं बघा." दोन महिन्यांनी रावजी सहा सतारी गाडीत घालून बुवांच्या दारात आला.

"चूक माझी, बुवा," तो म्हणाला. "त्यांच्यात नव्हतं ते मी त्यांना दाखवायला गेलो. तुमची वाद्यं वाया घालवली. माफ करा."

"उत्सव जवळ आलाय. मृदंगाचं काय?"

"दुसरा कोणी बघा. माझा हात आता उठत नाही." एवढं बोलून तो निघून गेला.

बुवांना हवं होतं ते सगळं झालं होतं. ते सतारी एकेक करून खुंटीला लावू लागले. चौथ्या सतारीच्या पडद्यांवर त्यांना काळपट डाग दिसले. ते रक्ताचे होते. जिथे सूर अचूक लागतो, नेमके त्याच जागी. बुवांनी ती सतार मांडीवर घेऊन एकेका डागावर बोट ठेवलं; सगुणाचीच बोटं तिथे पडली होती. मग पायांत वहाणा न घालता भट्टीकडे चालू लागले.

भर दुपार होती. सगुणा डोक्यावर चुन्याची पाटी घेऊन चालली होती. चुन्यानं तिच्या बोटांची सालं निघाली होती.

"पोरी, मी खोटं बोललो," बुवा म्हणाले. "सतार मीच बिघडवून दिली होती. रावजीचं कौतुक मला सहन झालं नाही. आणि तुझ्या हातातला सूर तर मुळीच सहन झाला नाही."

सगुणानं पाटी खाली ठेवली. मग ती स्वतःच्या बोटांकडे बघू लागली.

"म्हणजे माझा हात चांगला होता?"

"होता. आहे."

"मग बाकीच्यांनाही सांगा. सगळ्यांना. एकेकाच्या घरी जाऊन."

आणि ज्यांच्या घरी पाटील स्वतः नारळ घेऊन आले होते, ते यज्ञेश्वरबुवा त्या दिवशी भट्टीवरच्या एकेका झोपडीपुढे उभे राहिले. कोणी दार लावून घेतलं. एका बाईनं तोंडावर सुनावलं, "माझी पोर रोज स्वतःला कोसत होती, ते दिवस देता परत?" बुवा हात जोडून पुढच्या झोपडीकडे वळले. शेवटच्या झोपडीत कोणीच नव्हतं. तिथली दोन भावंडं आईबापांबरोबर पोट भरायला दूर मुलखात निघून गेली होती. कुठे, ते कोणालाच सांगता आलं नाही.

सर्वांत शेवटी ते रावजीकडे गेले. रावजीनं सगळं ऐकलं आणि म्हणाला, "मी तुमच्यावर रागावलोय, बुवा. पण पोरं येणार असतील तर मी येतो."

चिंचेखाली बसून, सगळ्यांच्या देखत, बुवांनी सहाही घोड्यांची जवारी पुन्हा काढली. पोरांनाही ती काढायला शिकवली, म्हणजे पुन्हा कोणी त्यांना फसवू नये. सतराच पोरं परतली. बुवा रोज येत राहिले.

पाच वर्षांनी उत्सवात पहिली बैठक सगुणाची झाली. मृदंगावर रावजी होता. बुवा समोर, लोकांत बसले होते. आलाप रंगत गेला आणि तिनं एक अशी मींड घेतली, जी बुवांना आयुष्यात कधी सापडली नव्हती.  तीच जुनी जळजळ पोटातून वर आली, तशीच कडू. ती गेलेली नव्हती. बुवांनी त्या जळजळीला ओळखलं, आणि सगळ्या सभेच्या आधी, सगळ्यांत मोठ्यानं त्यांनी दाद दिली, "वा, पोरी, वा!"

तात्पर्य: दान मोठं की लहान, हे गाव ठरवतं; पण ते खोटं असेल तर ज्याच्या हातात पडतं त्याला भोगावं लागतं. म्हणून मनात मत्सर आला तर तो ओळखावा, पण त्याच्या हाती कानस देऊ नये.