पायाळू वैजूची गुणकारी लाथ

एका गावात एक भोळी वैजू राहायची. ती पायाळू होती. म्हणजे जन्मताना डोकं आधी यावं, तर तिचे पाय आधी आले. पायाळू माणसानं लाथ लावली की पाठीत भरलेली उसण उतरते, असं त्या गावात सगळे मानत. तिची आई म्हणे, पाय आधी आले ते ठीक, पण डोकं अजून यायचंय.

वैजूला हे पटायचं. ती बी.ए. झाली होती, तरी कुकरची शिट्टी झाली की दचकून "आले, आले" म्हणायची. आपल्याला अक्कल कमी, तेव्हा लोक सांगतील ते शब्दाला शब्द करावं, म्हणजे चुकायला जागाच राहत नाही, असं तिचं म्हणणं. सांगितलेलं विसरू नये म्हणून ती ओढणीला गाठ मारायची.

तिचं लग्न ठरलं होतं. मुलगा प्रल्हाद, ताडासारखा उंच, ट्रॅक्टर चालवणारा. बघायला आला तेव्हा वैजूनं घाबरून त्याच्या पोह्यांवर चहा ओतला होता. त्यानं ते पोहे तसेच खाल्ले. तेव्हापासून वैजूच्या मनात एकच होतं, हे लग्न आपल्या हातून मोडू नये. हातून म्हणताना तिला पायांची आठवण झाली नाही.

लग्नघरी मामा आला. आल्या आल्या त्यानं तांदळाचं पोतं उचललं आणि तसाच वाकलेला राहिला. उसण भरली. आता मामाच मागं उभा राहिला नाही, तर नवरी बोहल्यावर उभी राहायची कशी? आई म्हणाली, वैजे, लाव पाय.

थोरामोठ्यांना पाय लागला तर पाप, म्हणून वैजू आधी मामाच्या पाया पडली. मग तिनं त्याच्या कमरेला हळूच अंगठा टेकवला. मामानं विचारलं, माशी बसली का.

"अगं, अशी नाही," आई म्हणाली. "वाकलेला माणूस दिसला की मागून जायचं, गपचूप जायचं आणि जोरात लावायची. बोललं की गुण जातो."

"बरं," वैजू म्हणाली आणि तिनं गाठ मारली. तोवर मामा कण्हत आडवा झाला होता. आडवा म्हणजे वाकलेला नव्हे. वैजू थांबली.

सकाळी मांडवात आचारी बुंदीच्या परातीवर वाकला होता. वैजू मागून गेली. गपचूप गेली. आचारी बुंदीत गेला.

मिशीतली बुंदी झाडत तो म्हणाला, "ताई, आधी विचारावं माणसाला, दुखतंय का म्हणून. समोरचा हो म्हणेस्तोवर पाय उचलू नये."

"बरं," वैजू म्हणाली आणि तिनं गाठ मारली.

दुपारी शाळेत मणक्याच्या डॉक्टर मॅडमचं शिबिर होतं. मॅडम पोरांच्या पाठी बघत होत्या, दप्तरं उचलून बघत होत्या. वैजू बहिणीची तान्ही पोर कडेवर घेऊन मामासाठी सल्ला विचारायला गेली. गर्दीत धक्का बसला आणि तिचा पाय मॅडमच्या पायावर पडला. वैजूनं लगेच विचारलं, दुखतंय का? मॅडम सभ्य होत्या. नाही, नाही, म्हणाल्या. मग वैजूनं पाय उचलला नाही.

मॅडमनी मामाचं सगळं सांगितलं. शेक द्या, नुसतं झोपवून ठेवू नका, थोडं थोडं चालवा, मामांना लाथबिथ मुळीच मारू नका. सांगता सांगता त्यांना घाम फुटला.

"आणि तुम्ही मूल एकाच कडेवर घेता," त्या म्हणाल्या. "वजन दोन्ही बाजूंना सारखं हवं. शिवाय पाठीचं दुखणं एकट्याचं नसतं. एकाची दुखली की सगळ्या घराची बघावी. आणि हो, आता दुखतंय."

"बरं," वैजू म्हणाली. तिनं पाय उचलला आणि दोन गाठी मारल्या.

संध्याकाळी वऱ्हाड आलं. वैजू दारात उभी होती. एका कडेवर भाची, दुसऱ्या कडेवर लाल भोपळा. भाचीच्या वजनाचा भोपळा तिनं मुद्दाम तराजू लावून निवडला होता. होणाऱ्या सासूबाईंनी कौतुकानं बाळाकडे हात पसरले. वैजूनं बाळ दिलं. तशा त्या एका बाजूला कलल्या. मणक्याला हे वाईट. वैजूनं त्यांच्या दुसऱ्या हातावर भोपळा ठेवला. कमरेत कटकन आवाज झाला.

सासूबाई खुर्चीत टेकल्या आणि म्हणाल्या, आणखी एक तमाशा झाला तर वऱ्हाड आल्या पावली परत जाईल. प्रल्हादनं भोपळा उचलून कोपऱ्यात ठेवला. भोपळा चांगला आहे, एवढंच तो बोलला. वैजूला भडभडून आलं.

आईनं तिला माजघरात ओढलं. "उद्या मुकाट राहायचं. कुणाला काही विचारायचं नाही. विचारलंस तर माझ्याशी गाठ आहे."

"बरं," वैजू म्हणाली आणि तिनं तीही गाठ मारली.

लग्नाच्या दिवशी मामा शेक घेऊन घेऊन उभा राहिला. सदऱ्याखाली गरम पाण्याची पिशवी बांधलेली. मंगलाष्टकं झाली. अंतरपाट सरला. वैजूनं हार वर धरला, पण हात पुरेना. म्हणून प्रल्हाद वाकला. हार गळ्यात पडला आणि प्रल्हाद वाकलेलाच राहिला. वऱ्हाडाचा ट्रॅक्टर खड्ड्याखड्ड्यांतून त्यानंच चालवत आणला होता. त्याचा हात कमरेवर गेला, चेहरा पांढराफटक पडला.

अंगावर शालू, त्यामुळे ओढणी नव्हती. वैजूनं मनातल्या मनात गाठी चाचपल्या. माणूस वाकलेला आहे. हा मामा नव्हे. विचारायला आईची बंदी आहे. मागून, गपचूप, जोरात.

ती प्रल्हादच्या मागं गेली. वऱ्हाडाला वाटलं, ही यांच्याकडची काहीतरी रीत असेल. भटजींनाही तसंच वाटलं. मग लाथ बसली.

प्रल्हाद ताम्हनावरून उडून पालथा पडला. सनईवाल्याची फुंक तोंडातच राहिली. सगळा मांडव वैजूकडे बघत होता. वैजूला कळून चुकलं, मोडलं. हातून नाही, पायानं मोडलं.

तेवढ्यात खालून आवाज आला.

"सुटली," प्रल्हाद म्हणाला. "आई, सुटली गं उसण. एकदम हलकं वाटतंय."

मामानं देवाला हात जोडले. लग्न वाचलं. वैजूच्या जिवात जीव आला. सासूबाई आपलं दुखणं विसरून लेकाला उचलायला धावल्या. मागोमाग सासरे, दीर, नणंद, आत्याबाई, सगळेच धावले आणि ओळीनं वाकले.

तेव्हा वैजूला राहिलेली गाठ आठवली. एकाची दुखली की सगळ्या घराची बघावी.

समोर सासरचं सगळं घर होतं. वाकलेलं, आणि तिच्याकडे पाठ करून.

वैजूनं शालूचा पदर खोचला. मंगलाष्टकं केव्हाच संपली होती. तरी भटजींनी ताम्हन पोटाशी घट्ट धरलं, ते दोन पावलं मागं सरले आणि म्हणाले,

"सावधान."