पायातला तांब्याचा राजा

एका राज्यात दगड नव्हता. डोंगर दूर, खडक दूर. जी काय ती नदी आणि तिचा गाळ. म्हणून माणसं मातीच्या घरांत राहत आणि देवही विटांच्या देवळांत. तिथला राजा एरीबा. त्याला ना शिकारीचा नाद, ना लढाईचा. त्याला वेड जुन्याचं. मोडकं देऊळ दिसलं की हातात कुदळ आलीच! हे कुणी बांधलं, त्याच्याखाली कुणी बांधलं, असं खणत जाई आणि माखलेल्या अंगाने जेवायला येई. राणी हयात असती तर तिने चार शब्द सुनावले असते, पण ती नव्हती. आणि प्रधानाला तोंड होतं ते 'हो महाराज' म्हणण्यापुरतं.

खणता खणता राजा सूर्यदेवाच्या थोरल्या देवळाच्या पायापर्यंत पोचला. तिथे कोनाड्यात वीतभर उंचीचा तांब्याचा पुरुष उभा होता, डोक्यावर मातीची पाटी घेऊन. तो पहिला राजा. नगर वसवताना पहिली पाटी त्याने स्वतः वाहिली, म्हणून त्याची मूर्ती पायात पुरलेली. अशी मूर्ती सापडली तर रीत ठरलेली: तिला तिळाचं तेल लावावं, नमस्कार करावा आणि होती तिथेच ठेवून माती लोटावी. एरीबाने नमस्कार केला. तेल नंतर लावू म्हणाला. मूर्ती उचलून त्याने आपल्या दालनात मांडली, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायला.

त्या दिवसापासून नगरात कुणाचे पाय ठरेनात. एखाद्याच्या पायाला भिंगरी असते, इथे साऱ्या नगराला लागली. आया चालता चालता लेकरांना पाजू लागल्या. न्हावी गिऱ्हाइकामागे धावत दाढी करू लागला. तेलाचा घाणा बैलावाचून फिरू लागला. वेशीवरचा निळ्या विटांचा सर्पसिंह, सापाच्या डोक्याचा नि सिंहाच्या पायांचा, भिंतीतून उतरून हिंडू लागला. मांत्रिक आले, मंत्र म्हणू लागले आणि म्हणता म्हणता वेशीबाहेर चालत गेले. थोरलं देऊळ रोज थोडं थोडं नदीकडे सरकत होतं.

राजकन्या इल्तानी त्या देवळाची पुजारीण. थोरला पुजारी हिवाळ्यात वारला, तेव्हा वर्षारंभाचं काम तिच्या गळ्यात पडलं. काम असं: राजाचा मुकुट उतरवायचा, त्याने देवापुढे म्हणायचं की मी अमुक पाप केलं नाही, तमुक केलं नाही, आणि पुजाऱ्याने त्याच्या मुस्कटात मारायची. राजाच्या डोळ्यांत पाणी आलं तर वर्ष सुखाचं. नाही आलं तर नगर बुडालंच म्हणायचं. आजवर कुणी काळजी केली नाही. थोरला पुजारी धोरणी, तळहाताला कांद्याचा रस चोळून जाई. पण मूर्ती हलल्यापासून राजाचे डोळे भाजलेल्या विटेसारखे कोरडे झाले होते, आणि या वर्षी मारायची होती इल्तानीला. बाप तिचा, नगर तिचं, आणि हातही तिचाच.

नदीकाठी येरझाऱ्या घालताना तिला एक टिटवी दिसली. वाळूत आपल्या अंड्यांपाशी ती स्वस्थ उभी होती.

"तुझे पाय कसे ठरले?" इल्तानी चालता चालता पुसती झाली.

"मी आभाळ पेलायला पाय वर करून निजते. माझे पाय जमिनीचे नव्हेतच," टिटवी म्हणाली. "तुझ्या बापाने पायाच उचलून नेला. मग पाय ठरायचे कशावर?"

"उपाय सांग."

"तीन कामं. बैलावाचून फिरणाऱ्या घाण्याचं तेल आण. तांब्याचा पुरुष दालनातून सोडव. आणि राजाच्या डोळ्यांतून पाणी काढ. कांद्याचं नव्हे, खरं. वर्षारंभाचा सूर्य मावळायच्या आत मूर्ती जागी गेली पाहिजे. नाहीतर देऊळ नदीत उतरेल, मागोमाग नगर, आणि माझी अंडीही."

"खरं पाणी कसं काढू?"

"ते मला काय ठाऊक? मी पक्षी."

इल्तानी घाण्यापाशी गेली. तेल होतं, पण ज्या वाटीत घ्यावं ती उसळून सांडे. मग तिने आपली लांब वेणी तेलात बुडवली आणि डोक्याला गुंडाळून निघाली. एक काम झालं.

दालनाच्या दाराशी सर्पसिंह गोल गोल फिरत होता.

"आत कोण जातं?"

"इल्तानी. तू इथे काय करतोस?"

"माझी जागा मला आठवत नाही. ठेवा इथे आहे, म्हणून राखतो."

"तुझी जागा उत्तर वेशीला, डाव्या हाताची. लहानपणी मी तुझ्या नाकाला खजूर चिकटवत असे."

सर्पसिंहाने डोळे मिटले. "तो गोड होता," म्हणाला आणि वेशीकडे चालू लागला. इल्तानीने आत जाऊन मूर्ती उचलली आणि पदरात बांधली. दुसरं काम झालं.

वर्षारंभ उजाडला. देवळाची खालची पायरी पाण्याला लागली होती. प्रधान कुजबुजला, "राजकन्ये, कांदा आणलाय."

"नको."

तिने राजाचा मुकुट उतरवला. "आज तू राजा नाहीस. बोल."

एरीबा देवापुढे येरझाऱ्या घालत म्हणाला, "मी देवाला विसरलो नाही. मी दुबळ्याच्या गालावर मारलं नाही. मी नगराचा पाया हलवला नाही."

इल्तानीने मुस्कटात मारली. हात हलका पडला. डोळे कोरडे. तिने दुसरी मारली, सगळ्या बळानिशी. राजाचा ओठ फुटला. डोळे कोरडे. खाली दुसरी पायरी बुडाली. तिने तिसऱ्यांदा हात उगारला आणि तो वरच राहिला. बापाला आणखी मारणं तिच्याने होईना.

"तात," ती म्हणाली, "शेवटचं पुन्हा म्हणा."

"मी नगराचा पाया हलवला..." राजा म्हणाला. पुढचा 'नाही' म्हणायचा राहिला. दारातून त्याला अंगण दिसत होतं. एक म्हातारी चालत होती. टाचा फुटलेल्या, रक्ताळलेल्या, तरी चालत होती. राजाने पुन्हा तोंड उघडलं.

"हलवला," तो म्हणाला. "मीच हलवला."

आणि त्याला रडू फुटलं. लहान मूल रडतं तसा मोठ्याने रडला.

इल्तानीने वेणी पिळून मूर्तीला तेल लावलं. राजाने मूर्ती कोनाड्यात ठेवली आणि मातीची पाटी स्वतःच्या डोक्यावर घेतली. प्रधान धावला, तर म्हणाला, "दूर हो. हे माझं ओझं आहे." खड्डा बुजेपर्यंत त्याने पाटीला कुणाचा हात लागू दिला नाही. सूर्य टेकला तेव्हा देऊळ थबकलं. घाणा थांबला. अंगणातली म्हातारी होती तिथे खाली बसली आणि "आई गं" म्हणाली. मग सारं नगर बसलं, रस्त्यात, ओट्यावर, जिथे जागा मिळेल तिथे.

राजाही मातीतच बसला, लेकीशेजारी. त्याचा गाल सुजला होता. त्याने तिचा उजवा हात आपल्या हातात घेतला आणि तळवा चोळू लागला.

"फार लागलं का गं तुला?" त्याने विचारलं.

तिथली नदी तिच्या पात्रात राहिली, देव त्याच्या देवळात राहिला. तसे तुमचे आमचे पाय आपापल्या उंबऱ्यात सुखाने ठरोत.